खिशाखालचा निळा

जीन्सचा खिसा उसवून काढला की त्याखाली जो निळा राहतो तो बाकीच्या जीन्सपेक्षा गडद असतो. ऊन लागलेलं नसतं ना त्याला. जुन्या पँटा फाडून पिशव्या शिवणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण तो निळा, बरोब्बर खिशाच्या आकाराचा, एका म्युझियमच्या भिंतीवर दिव्याच्या उजेडात टांगलेला मी २००२ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला बघितला आणि तिथून माझा पायच निघेना. कुणाची तरी पँट होती ती. गुडघ्यावर पांढरट पडलेली, मांडीवर ठिगळ, ठिगळावर पुन्हा ठिगळ. ती उभी फाडून, सपाट करून, दुसऱ्या पँटीला जोडली होती आणि जोडताना जोडणाऱ्या बाईनं तो गडद खिसा कुठं यावा हे ठरवलं होतं. ते बघितल्यावर कळत होतं. कापड पुरलं म्हणून तो तिथं आलेला नव्हता, तिला तिथंच हवा होता.

ह्यूस्टनला येऊन मला आठ महिने झाले होते. नवऱ्याची नोकरी, माझा डिपेंडंट व्हिसा, म्हणजे काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि बाहेर अंग भाजणारं ऊन तर अपार्टमेंटमध्ये एसी इतका गार की दुपारी पांघरूण घ्यावं लागायचं. ते पांघरूण म्हणजे आज्जीची वाकळ. येताना आईनं बॅगेत कोंबली होती, मी नको नको म्हणत असताना, वजन जास्त होतंय म्हणून लोणच्याची बरणी काढली पण वाकळ राहिली. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावच्या बाजूचं. तिकडे गोधडी म्हणतात, वाकळ पण म्हणतात, आमच्या घरात जाडजूड असली की वाकळ. हिला सहा तरी थर होते, आणि ओली झाली तर दोघांना उचलावी लागेल अशी जड.

तर म्युझियममध्ये क्विल्ट्सचं, म्हणजे तिकडच्या गोधड्यांचं, प्रदर्शन लागलंय असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून गेले. माझ्या डोक्यात क्विल्ट म्हणजे दुकानात दिसतात तसलं, फुलाफुलांचं, काटेकोर, एकसारख्या चांदण्या कापून जोडलेलं. आत शिरले तर समोर आमच्या आज्जीचं अंगण! म्हणजे तसं नव्हतं, पण मला क्षणभर तसंच वाटलं. वाकड्या पट्ट्या. एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळत्या होत गेलेल्या. लाल संपला म्हणून मधेच शेंदरी आलेला आणि त्यानं सगळं चित्रच जागं झालेलं.

प्रदर्शनाचं नाव 'द क्विल्ट्स ऑफ जीज बेंड'. अलाबामा राज्यात विल्कॉक्स काउंटीत अलाबामा नदी एक मोठ्ठं वळण घेते, आणि त्या वळणाच्या पोटात हे गाव. तीन बाजूंना पाणी. कागदोपत्री नाव बॉयकिन. १८१६ मध्ये जोसेफ जी नावाच्या माणसानं तिथं कापसाचा मळा घातला, त्याचं आडनाव त्या वळणाला चिकटलं. पुढं १८४५ मध्ये तो मळा मार्क पेटवे नावाच्या मालकाकडे आला आणि त्यानं आपले शंभर गुलाम नॉर्थ कॅरोलायनाहून अलाबामापर्यंत चालवत आणले. चालवत! आजही त्या गावात कितीतरी घरांत आडनाव पेटवे आहे. प्रदर्शनात एकेक लेबल वाचत जाताना मला आधी वाटलं की हे सगळं एकच कुटुंब आहे की काय, लुटिशा पेटवे, लोरेटा पेटवे, मिसूरी पेटवे, अर्लोंझिया पेटवे, जेसी टी. पेटवे... मग कळलं की हे आडनाव नात्याचं नाही, मालकीचं आहे, आणि पोटात एकदम खड्डा पडल्यासारखं झालं.

गुलामी संपली तरी तीच माणसं तिथंच कुळं म्हणून राबत राहिली. वर्षभर उधारीवर बी-बियाणं घ्यायचं, कापूस निघाला की फेडायचं, कधीच न फिटणारं. हा प्रकार आपल्याला काही वेगळा समजावून सांगायला नको. १९३२ मध्ये ज्या व्यापाऱ्याकडे उधारी होती तो वारला, आणि त्याच्या बायकोनं वसुलीसाठी माणसं पाठवली. त्यांनी जनावरं नेली, अवजारं नेली, गाड्या नेल्या, खायला साठवलेली रताळी आणि मका नेला. त्या हिवाळ्यात रेड क्रॉसच्या मदतीवर गाव तगलं. त्याच्या पाच वर्षांनी सरकारतर्फे आलेल्या आर्थर रॉथस्टीननं काढलेले फोटो आहेत. लाकडी झोपड्यांच्या आतून भिंतींना वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं डकवलेली दिसतात. वारा येऊ नये म्हणून. आणि खाटेवर क्विल्ट, तेही वारा येऊ नये म्हणूनच.

मला वाटतं इथं जरा थांबायला हवं, कारण गोधडीबद्दल लिहिताना आपण लगेच 'मायेची ऊब' म्हणून मोकळे होतो. मीही हे शब्द शाळेच्या निबंधात लिहिलेत आणि बक्षीस मिळवलंय. पण ऊब लागते कारण आधी थंडी असते, आणि ती थंडी कुणीतरी आणलेली असते. जीज बेंडच्या बायका कापूस पिकवत होत्या, दिवसभर वाकून वेचत होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या पांघरुणात भरायला मिळायचा तो जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला कचऱ्याचा कापूस, काठीनं बडवून मऊ केलेला. पाठीला खताच्या नाहीतर साखरेच्या पोत्यांचं कापड.

आता त्या क्विल्ट्सबद्दल. एक प्रकार सारखा सारखा दिसतो, त्याला त्या 'हाउसटॉप' म्हणतात, म्हणजे घराचं छप्पर. मधे एक लहान चौकोन घ्यायचा आणि त्याच्या चारी बाजूंनी पट्ट्या जोडत जोडत बाहेर यायचं, जणू वरून कुणी घर बघतंय. नियम एवढाच. पण एकीनं मधला चौकोन मधे ठेवलेलाच नाही, कोपऱ्याकडे ढकललाय, आणि सगळं घर एका बाजूला कलल्यासारखं होतं. दुसरीनं दोनच रंग घेतलेत, आणि मधेच एका पट्टीत तिसरा, फक्त एकदाच, पुन्हा कुठंच नाही. अशा स्वतःच्या मनानं केलेल्या क्विल्टला त्यांच्यात 'माय वे' म्हणतात. माझ्या मनाप्रमाणे. हे दोन शब्द वाचले आणि मला आज्जी आठवली. गल्लीतली कुणीतरी म्हणाली होती की काकू ते हिरवं तिथं नका लावू, बरं दिसत नाही, तर आज्जी मान वर न करता म्हणाली, 'मला दिसतंय.'

एवढंच. मला दिसतंय.

कॉर्डरॉयचे क्विल्ट्स बघून तर मी वेडीच झाले. त्याची गोष्ट अशी की १९६६ मध्ये, काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काची चळवळ तिथं ऐन भरात असताना, या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्याबद्दल लोकांना घरातून, जमिनीवरून हाकलत होते, अशा वेळी हातात चार पैसे यावेत म्हणून. पुढं १९७२ मध्ये त्यांना सिअर्स कंपनीची कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळी शिवायची ऑर्डर मिळाली. खोळी सगळ्या एका मापाच्या, एका टाक्याच्या, तिथं 'माय वे' चालणार नाही. पण उरलेले तुकडे बायका घरी न्यायच्या. आणि मग गावभर कॉर्डरॉयचे क्विल्ट झाले, सोनेरी पिवळा, अव्होकॅडोचा हिरवा, चेरीचा लाल, सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन दिवाणखान्याचे रंग. कॉर्डरॉयला लव असते, एका दिशेनं हात फिरवला तर उजळ, उलट्या दिशेनं गडद. या बायकांनी एकाच रंगाचे तुकडे कुठं आडवे कुठं उभे लावलेत, त्यामुळे एकच हिरवा तीन हिरवे दिसतो. दिवसभर कंपनीच्या मापानं शिवायचं आणि रात्री तेच कापड आपल्या मनानं. मला तो हिरवा अजून डोळ्यापुढून जात नाही.

याच गावात १९६२ मध्ये नदी ओलांडायची फेरीबोट बंद केली होती. पलीकडे कॅम्डेन, तालुक्याचं ठिकाण म्हणा, तिथं कोर्ट, तिथं मतदार नोंदणी. पाण्यावरून नजरेच्या टप्प्यात, आणि रस्त्यानं जायचं तर जवळपास चाळीस मैलांचा वळसा. मतदानाचा हक्क मागायला लागलात ना, मग घाला वळसा. ती फेरीबोट पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. म्हणजे मी ते क्विल्ट बघत होते तेव्हाही ती बंदच होती. त्या गावच्या गोधड्या देशभर फिरायला निघाल्या होत्या, ह्यूस्टनहून पुढं न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमला, आणि गावच्या माणसांना समोरच्या काठावर सरळ जाता येत नव्हतं.

मिसूरी पेटवेचा क्विल्ट १९४२ चा. तिचा नवरा नुकताच वारला होता, आणि तिनं त्याचे शेतातले कामाचे कपडे घेऊन त्यांचा क्विल्ट केला. मुलगी अर्लोंझिया तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, तिनं पुढं सांगितलंय की आई म्हणाली, त्याची आठवण म्हणून करते, आणि तो पांघरून झोपते. निळे, राखाडी, मातकट ठोकळे, मधे थोडा लालसर. घामानं आणि धुण्यानं विरलेलं कापड. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला रडू आलं. आमच्यात गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. आजोबा गेले तेव्हा तेराव्यानंतर बोचकं बांधून सगळं देऊन टाकलं. आज्जी काही बोलली नाही. पण एक धोतर नव्हतं त्या बोचक्यात, आणि ते कुठं गेलं हे घरातल्या बायकांना माहीत होतं आणि पुरुषांना नव्हतं. वाकळीच्या आत होतं ते, दोन लुगड्यांच्या मधे. वरून दिसायचं नाही. मिसूरीबाईनं उघड केलं ते आमच्या आज्जीला थरांच्या आत लपवावं लागलं, आणि जवळपास नऊ हजार मैलांवर त्याच वाकळीत मी एसीच्या गारठ्यात झोपत होते.

पण प्रत्येकीनं प्रेमानंच शिवलं असंही नाही. लोरेटा पेटवे, जन्म १९४२, तिच्या क्विल्ट्ससमोर सगळ्यात जास्त गर्दी होती, आणि ती बाई सरळ सांगते की मला शिवायला आवडायचं नाही. पोरं गारठत होती, दुसरं कुणी देणार नव्हतं, म्हणून शिवलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आज्जीला मी एकदा विचारलं होतं, तुला किती हौस होती ना गं गोधड्यांची? ती म्हणाली, 'हौस कसली बाई, थंडी वाजायची.' तेव्हा मला वाटलं ती विषय टाळतेय. आता वाटतं तिनं खरं तेच सांगितलं, आणि ती थंडी वाजत असतानाही तिला हिरवा कुठं हवा ते दिसत होतं. या दोन गोष्टी एकाच बाईत असू शकतात हे मला त्या हॉलमध्ये समजलं.

न्यूयॉर्कच्या मोठ्या समीक्षकांनी नंतर खूप कौतुक केलं, मातिस, पॉल क्ली या चित्रकारांची नावं घेतली. कौतुकाबद्दल तक्रार नाही. पण या बायकांनी मातिस बघितला नव्हता, त्यांनी एकमेकींचे क्विल्ट बघितले होते, वसंतात वाळत घातलेले, कुंपणावर, दोरीवर, गावभर. तीच त्यांची गॅलरी. कोण कुणाची नात, कुणाची सून, कुणी कुणाची रीत उचलली आणि कुठं मोडली, हे सगळं त्या गावात तोंडपाठ होतं. आणि जुने झालेले क्विल्ट जाळायचे, त्या धुरानं डास पळतात म्हणून. अ‍ॅनी मे यंगचे जळायच्या बेतातले वाचले. तिचा तो १९७६ चा, चारी बाजूंना विरलेली डेनिम आणि मधोमध लाल-पिवळ्या-तपकिरी कॉर्डरॉयच्या पट्ट्या, म्हणजे सबंध दिवस शेतात राबून आल्यावर घराच्या खिडकीत उजेड दिसावा तसा. किती जळून गेले असतील त्याचा विचार करवत नाही.

नंतरचं सगळं सुखाचं नाही, तेही सांगायला हवं. त्यांच्या डिझाइन्सचे गालिचे निघाले, भेटवस्तू निघाल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या पोस्टानं दहा तिकिटं काढली. आणि २००७ मध्ये अ‍ॅनी मे यंग आणि लोरेटा पेटवेसह तिघी कोर्टात गेल्या, की आमच्या कामातून जो पैसा झाला त्यातला आमचा वाटा कुठंय. पुढच्या वर्षी ती प्रकरणं तडजोडीनं मिटली. २०१५ मध्ये लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ आणि ल्युसी मिंगो यांना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०२१ पासून गावातल्या कितीतरी जणी एट्सी नावाच्या ऑनलाइन बाजारात आपले क्विल्ट स्वतः विकायला लागल्या, नावानिशी, स्वतः ठरवलेल्या किमतीला. मला या शेवटच्या गोष्टीचा सगळ्यात जास्त आनंद झाला.

घरी येऊन त्याच आठवड्यात मी एक चूक केली. वाकळ धुवायची म्हणून अपार्टमेंटच्या लाँड्रीतल्या मोठ्या मशीनमध्ये टाकली. तीस वर्षं विहिरीवर आपटून धुतलेल्या वाकळीला काही झालं नव्हतं, पण त्या मशीनच्या पिळात एका बाजूचा धावदोरा सपासप तुटला आणि आतले थर बाहेर आले. मी तिथं खुर्चीवर बसून ते ओले थर हातानं वेगळे करत होते. वरचं इरकली, काठ अजून शाबूत. मग आजोबांचं धोतर, पाण्यासारखं पातळ झालेलं. आणि त्याच्याखाली एक मांजरपाटी पिशवी, उसवून सपाट केलेली, तिच्यावर पुसट लाल-निळी छपाई. दोन हात एकमेकांत धरलेले, आणि खाली इंग्रजी अक्षरं, अमेरिकेच्या लोकांकडून भेट.

कॉलिंग कार्डवरून आईला फोन लावला. ती म्हणाली, अगं ती शाळेतली पिशवी, तेव्हा अमेरिकेची दूध पावडर नि खाऊ यायचा ना पोरांना, आपले धाकटे आजोबा शाळेत शिपाई होते, रिकाम्या पिशव्या घरी यायच्या. म्हणजे अमेरिकेतून कोरेगावला गेलेली पिशवी आज्जीच्या वाकळीच्या पोटात बसून परत अमेरिकेत आली होती. असल्याच रिकाम्या पोत्यांचं कापड तिकडे अलाबामात क्विल्टच्या पाठीला लागत होतं.

मग मी आईला विचारलं, आज्जीचं जन्मसाल काय? म्युझियमच्या प्रत्येक लेबलवर नाव आणि जन्मसाल होतं, ते डोक्यातून जात नव्हतं. आई म्हणाली, साल कुठून आणू, मानमोडीच्या तापात तिची आई गेली तेव्हा ती तान्ही होती एवढं माहितीय. मानमोडी म्हणजे १९१८. मी वहीत लिहून ठेवलं, सरूबाई, १९१८.

वाकळ मी पुन्हा शिवली. पंधरा दिवस लागले. थर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं आत घातले. माझा धावदोरा आणि आज्जीचा धावदोरा लगेच वेगळा ओळखू येतो, तिचा मोहरीच्या दाण्याएवढा, एका ओळीत, माझा लांब.

भारतात परत आल्यावर काही वर्षांनी समजलं की २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शॉमबर्ग सेंटरमध्ये सिद्दी बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन झालं होतं. आपल्या शेजारच्या कर्नाटकातले, उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातले. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे वंशज, त्यातले कितीतरी पळून घाटावरच्या जंगलात शिरले आणि तिथंच वसले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. कडेनं सुरुवात करून गोल गोल आत जात मधोमध संपवायची, धावदोऱ्यानंच. आणि चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली त्रिकोणी 'फुलं' लावायची. फुलं नसतील तर कवंदी उघडी, नागडी मानतात.

बेळगावला नातेवाईकांकडे गेलो असताना एका डिसेंबरात हल्याळच्या बाजूला जाणं झालं. थंडी होती म्हणून गाडीत वाकळ होती. एका घराच्या पडवीत दोघी-तिघी कवंदी शिवत बसल्या होत्या, बोलणं कोकणी, पण मराठी सगळं कळत होतं. मी वाकळ आणून दाखवली. त्यातल्या म्हाताऱ्या मावशींनी ती उलटी केली, आधी पाठ बघितली, मग माझे लांब टाके बघितले, बोट फिरवलं, काही म्हणाल्या नाहीत. मग चारी कोपरे बघितले आणि म्हणाल्या, हिला फुलां नात.

त्यांनी चिंध्यांची पिशवी पुढ्यात ओतली. एक लाल तुकडा घेतला, कोपऱ्यावर ठेवला, लांबून बघितला, काढला. हिरवा चौकडीचा ठेवला. तोही काढला. त्यांची सून म्हणाली, लालच बरा होता. मावशींनी मान हलवली, पिशवीच्या तळातून एक बोटभर पिवळी पट्टी ओढून काढली, ती इरकलीच्या काठाला लावून बघितली, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.